काळीतली घरं

जुन्या मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे दोन भाग असत. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. घर बांधायचं ते पांढरीत, जरा उंचवट्यावर. काळीत फार तर खोपट किंवा गोठा. ही वाटणी कुण्या प्रयोगशाळेने करून दिलेली नव्हती. काळ्या रानातली भिंत दोन-चार पावसाळ्यांत फाटते, हे लोकांना पाहून ठाऊक होतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ही वाटणी पुसत गेली. शहरांच्या कडेची काळी एनए, म्हणजे बिगरशेती, झाली, तिचे गुंठ्यांनी तुकडे पडले आणि आजोबांनी ज्वारी घेतली त्या रानात नातवाचा आरसीसी बंगला उभा राहू लागला. अकोला, परभणी, लातूर, सोलापूर, कुठेही शहराबाहेर पडून पाहा. जमीन बदलली, पण पाया घेण्याची रीत बदलली नाही: पाच फूट खणा, मुरूम लागला की थांबा, नाही लागला तर अजून एक फूट.

घर बांधण्याआधी जमीन तपासावी का, असं विचारलं तर कुणी ‘नाही’ म्हणत नाही. करतात मात्र फार थोडे. बोअरवेलसाठी पाणाडी येतो, दाराच्या दिशेसाठी वास्तुवाले येतात, भूमिपूजनाला गुरुजी येतात. माती बघायला कुणी येत नाही. त्यामुळे तपासणीची महती गाण्यापेक्षा कोणत्या जमिनीत नेमकं काय बघायचं, कोणत्या वेळी बघायचं आणि हाती आलेल्या कागदावर किती भरवसा ठेवायचा, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला करायला हवा. जमीन ‘वजन पेलेल का’ ही भीती कौटुंबिक घराच्या बाबतीत बहुतेक वेळा अस्थानी असते. तळमजला आणि वर एक मजला एवढ्या घराच्या एका खांबावर साधारण ३० ते ५० टन भार येतो. जमिनीची सुरक्षित भारक्षमता (एसबीसी) चौरस मीटरला २० टन असेल, तर ४५ टनांच्या खांबाला दीड मीटर लांबी-रुंदीचा फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, पुरतो. ती निम्मी, म्हणजे १० टन निघाली, तरी फुटिंग सव्वादोन मीटरच्या आतच राहतो. काँक्रीट वाढेल, घर पडणार नाही. मुरूम लागलेल्या बहुतेक प्लॉटवर एवढी ताकद सहज मिळते.

घर बिघडतं ते असमान हालचालीने. पायासंबंधीचं भारतीय मानक आयएस १९०४ आरसीसी इमारतीच्या सुट्या फुटिंगला ५० मिलिमीटरपर्यंत खचणं चालवून घेतं, मऊ चिकण मातीत तर ७५. पण शेजारच्या दोन खांबांमधल्या फरकाबाबत ते फार कडक आहे: अंतराच्या ०.००१५ पट. चार मीटरवरच्या दोन खांबांत हा फरक भरतो ६ मिलिमीटर. सगळं घर मिळून दोन इंच खाली बसलं तर घरच्यांना पत्ताही लागणार नाही. एक कोपरा पाव इंचाहून जास्त खाली किंवा वर गेला, की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघू शकते. आपल्याकडे इंजिनिअर विचारतो, ‘एसबीसी किती धरायचा?’ आणि कंत्राटदार म्हणतो, ‘वीस धरा साहेब, इकडे सगळे वीसच धरतात.’ तो वीसचा आकडा कदाचित बरोबरही असेल. पण या प्लॉटच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जमीन सारखी आहे का आणि पाणी लागल्यावर ती काय करते, हे त्यातून कळत नाही.

काळ्या मातीत तर याच दोन गोष्टी सगळं ठरवतात. दख्खनचा बेसाल्ट झिजून ही माती झाली आणि तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे चिकण-खनिज पाणी आपल्या पापुद्र्यांमध्ये ओढून घेऊन फुगतं. उन्हाळ्यात तीच माती इतकी आक्रसते की भेगेत हात जातो. हा गुण मोजायची चाचणी स्वयंपाकघरात करता येईल इतकी साधी आहे. सुकवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजनळ्यांत घ्यायची, एकीत रॉकेल ओतायचं, दुसरीत शुद्ध पाणी आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली जितकी जास्त जागा व्यापेल, त्याची टक्केवारी काढायची. याला फ्री स्वेल इंडेक्स म्हणतात. ५० टक्क्यांच्या आत असेल तर फारसं घाबरायचं कारण नाही, शंभरच्या वर गेला तर पायाचा प्रकारच बदलायचा विचार करावा लागतो. घरासाठी मातीची एकच चाचणी परवडत असेल आणि प्लॉट काळीत असेल, तर मी एसबीसीच्या आधी ही करून घ्यायला सांगेन.

या मातीतलं घर पहिल्या वर्षी सहसा काही बोलत नाही. फरशी आणि जोत्याने जमीन झाकली, की खालच्या ओलाव्याला वर उडून जायची वाट उरत नाही. तो मधोमध हळूहळू साठतो आणि मध्य फुगत जातो. कडा मात्र दर पावसाळ्यात भिजतात, दर उन्हाळ्यात सुकतात. वजनदार खांब मातीला दाबून धरतात, हलक्या गोष्टी उचलल्या जातात: तळमजल्याची फरशी, समोरचा ओटा, कंपाउंडची भिंत, पायऱ्या. घरमालक म्हणतो, घर खचलं. प्रत्यक्षात ते जागोजागी वर उचललं गेलेलं असतं आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे.

उपाय नवे नाहीत. काळी दोन-अडीच मीटरपर्यंतच असेल, तर ती ओलांडून मुरमात जायचं. त्याहून खोल असेल, तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली कंदासारखा फुगवटा असलेले जमिनीतले खांब. अशा खोल मातीत ते किमान साडेतीन मीटर न्यावेत असं मानक सांगतं, कारण त्याखाली ऋतूंचा ओलावा फारसा पोचत नाही. मुंबईच्या आयआयटीत आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबून बसवलेला थर काळीवर घालण्याची पद्धत मांडली; कालव्यांच्या कामात ती बरीच वापरली गेली, घरांच्या फरशीखालीही ती उपयोगी आहे. यापेक्षा साध्या गोष्टींत मात्र माती खाल्ली जाते. पाया खणून निघालेली काळी माती जोत्यात परत भरायची नसते, तिथे मुरूमच हवा. तरी वाहतुकीचा खर्च वाचवायला ती भरली जाते आणि पाच वर्षांनी हॉलमधली फरशी मधोमध उचलते. असं झालं तर त्यात माती तपासणाऱ्याचा काहीच दोष नसतो.

जमीन तपासायची आपली परंपरा होतीच की, असा एक मुद्दा इथे हटकून निघतो. खरंच होती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तूच्या जागेची परीक्षा दिली आहे: हातभर खड्डा खणायचा आणि निघालेल्या मातीनेच तो भरायचा. माती उरली तर जागा उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. दुसरी परीक्षा खड्डा पाण्याने भरून शंभर पावलं जाऊन यायची. पाणी घटलं नसेल तर शुभ. पहिल्या परीक्षेत तर्क आहे. भुसभुशीत, भरावाची माती खड्ड्यात परत टाकली की कमी पडते. घट्ट जमिनीची उकरलेली माती उरते. आजची फील्ड डेन्सिटी चाचणी याच प्रश्नाचं उत्तर जास्त नेमकेपणाने देते. गंमत अशी की मे महिन्यातली कडक वाळलेली काळी पहिली परीक्षा पास होण्याची शक्यता मोठी. तिची ढेकळं खड्ड्यात मावणार नाहीत. आणि एकदा ओली झाली की दुसऱ्या परीक्षेतही ती पाणी धरून ठेवणार. घर फाडणारी हीच माती त्या निकषांवर उत्तम ठरेल. भराव ओळखायला ते निकष कामाचे, फुगणारी माती ओळखायला नाहीत.

आता खडकाकडे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे, म्हणून ‘आपल्याकडे खाली खडकच आहे’ ही समजूत खोलवर रुजली आहे. ढोबळमानाने ती खरी आहे. पण बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्रे सोडत झिजतो आणि मुरमाच्या मधोमध न झिजलेले गोटे राहून जातात, काही वेळा खोलीएवढे. जेसीबीचा दात गोट्याला लागला की ‘पाषाण लागला’ अशी आरोळी होते, त्यावर फुटिंग बसतो आणि शेजारचा फुटिंग मऊ मुरमात राहतो. गोटा आहे की सलग खडक, हे वरून कळत नाही. त्यात भोक पाडून किंवा कडेने उकरून खालचं बघावं लागतं. लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये जागोजागी तांबडी, मऊ मातीची पट्टी असते, तीही अशीच फसवते. विहिरी खणणाऱ्यांना हे सगळं पाठ असतं. मांजऱ्या कुठे, काळा पाषाण कुठे, तांबडी कुठे लागली, हे ते फुटांत सांगतात.

म्हणूनच तपासणीची पहिली पायरी फुकट आहे. शेजारच्या शेतातल्या विहिरीत वाकून बघा. मातीचा, मुरमाचा आणि खडकाचा उभा छेद तिथे उघडा पडलेला असतो. जवळच्या बोअरवेलला किती फूट केसिंग घातलं ते विचारा. केसिंग कठीण खडकापर्यंत जातं, म्हणजे त्याच्या लांबीवरून वरच्या माती-मुरमाची जाडी बऱ्यापैकी कळते. सातबाऱ्यावर बुजवलेल्या विहिरीचा माग कधीकधी सापडतो: जुन्या उताऱ्यात सिंचनाचं साधन विहीर आणि आज प्लॉटवर विहीरच नाही, तर ती गेली कुठे? गाव नकाशातला ओढा लेआउटच्या नकाशात गायब झाला असेल, तर तो कुणाच्या तरी प्लॉटखाली आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे आणि गुगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं पाहिली, तर पुण्या-नाशिकच्या आसपास कुठे दगडखाण होती हेही दिसतं. नदीकाठी पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा बघायची, पहिली पंचवीस वर्षांतून आणि दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या सगळ्याला लागतात दोन दिवस आणि थोडा चिवटपणा.

भरावाची जमीन ही वेगळीच जात आहे आणि माझ्या मते आज शहरी महाराष्ट्रात काळीपेक्षाही जास्त धोक्याची. बुजवलेल्या खाणीत राडारोडा, माती, प्लास्टिक, झाडाची खोडं, काहीही असू शकतं. थर घालून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेला भराव आणि डंपरने ओतून सपाट केलेला भराव वरून सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारचा भराव वर्षानुवर्षं बसत राहतो, पहिल्या जोरदार पावसात तर एकदम. ठाणे-वाशीकडच्या खाडीकाठच्या मऊ चिखलाचंही असंच. तिथे पाइलशिवाय बोलणंच नको. आणि जुनी पांढरीही निर्धोक नाही. गावठाणात शेकडो वर्षांची पडलेली मातीची घरं, राख, बुजलेले आड आणि धान्याची पेवं एकावर एक साचलेली असतात. गावात जुना वाडा पाडून नवं घर बांधणाऱ्याने पेव कुठे होतं हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावं.

कोकणात आणि गोव्यात गणित उलटं चालतं. देशावर खोल जावं तशी जमीन कठीण होते. जांभ्याच्या सड्यावर मात्र वरचं कवच कठीण आणि खाली पांढुरकी-पिवळट मऊ चिकण माती असू शकते. जांभ्यात पोकळ्याही असतात. म्हणून तिथे वरचं कवच फोडून खोल जायचा हट्ट कधी नुकसान करतो. हलकं घर त्या कवचावरच बसवणं शहाणपणाचं असतं, फक्त कवच किती जाड आहे ते दोन-तीन ठिकाणी भोक पाडून पाहायचं. उताराचा मामला याहून गंभीर. डोंगर कापून निघालेली माती खालच्या बाजूला लोटून सपाटी केली, की अर्धं घर कापलेल्या जमिनीवर आणि अर्धं भरावावर येतं. भेग हमखास त्या सीमेवरून जाते. सह्याद्रीतल्या फार्महाऊसांपैकी किती या चुकीवर उभी आहेत, ते पावसाळ्यानंतर फिरलं की कळतं. आणि प्लॉट निर्दोष असला तरी वरचा डोंगर निर्दोष असेलच असं नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी; या ठिकाणी घरांच्या पायाचा प्रश्नच नव्हता, वरचा उतार खाली आला. आपल्या कुंपणाच्या आतली जमीन तपासून हा धोका कळत नाही. त्यासाठी भूवैज्ञानिकाने सगळा उतार चालून पाहायला हवा.

मग प्रत्यक्ष तपासणी. किती ठिकाणी? आयएस १८९२ सांगतं की सुमारे एक एकराच्या सुटसुटीत जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक खड्डा किंवा बोअर पुरेसा. लहान, कमी महत्त्वाच्या इमारतीला मधला एकही चालतो. मला हा ‘एक’ पटत नाही. एका खड्ड्याने जमीन सारखी आहे की नाही हे कळूच शकत नाही आणि घरासाठी कळायला हवं ते तेवढंच. बंगल्याच्या विरुद्ध कोपऱ्यांत दोन, शक्य तर तीन. काळी उथळ असेल तर यंत्राच्या बोअरऐवजी जेसीबीने काढलेला खड्डा जास्त बोलका, कारण थर डोळ्यांनी दिसतात. फक्त दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधार दिल्याशिवाय माणसाने उतरू नये. काळीच्या भिंती सूचना न देता ढासळतात.

जमीन खोल आणि मऊ असेल तर बोअर घेऊन स्टँडर्ड पेनेट्रेशन चाचणी करतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो, नळी ४५ सेंटिमीटर आत जाते, पहिल्या १५ चे ठोके सोडून उरलेल्या ३० चे मोजले जातात. हा आकडा भूकंपाच्या मानकालाही लागतो: आयएस १८९३ जमिनीचे कठीण, मध्यम आणि मऊ असे वर्ग याच ठोक्यांवरून पाडतं. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, ती प्रामुख्याने जाड दगड-मातीच्या भिंती आणि मातीच्या धाब्यांखाली. पण मऊ जमीन हादरा वाढवते, हे घराचा आराखडा करणाऱ्याच्या समोर हवं. प्लेट लोड चाचणीचा आग्रह लहान घरासाठी धरू नये. त्या लोखंडी पाटाचा दाब पाटाच्या रुंदीच्या साधारण दुपटीइतकाच खोल पोचतो; वरचा वाळलेला कडक थर तिला सहज फसवतो.

अहवाल हातात आल्यावर शेवटच्या पानावरचा एसबीसी बघून फाइल मिटू नका. आधी तारीख बघा. मेमध्ये घेतलेला काळीचा नमुना सप्टेंबरच्या नमुन्यापेक्षा कितीतरी दमदार निघतो आणि भूजलपातळीच्या रकान्यात ‘आढळली नाही’ एवढंच असतं. पावसाळा संपताना तपासणी केली, तर जमीन तिच्या सगळ्यात वाईट अवस्थेत भेटते. तोच आकडा घराला धरावा. मग बोअर लॉग बघा: प्रत्येक थराचं वर्णन, खोली, ठोके, खडकाचा किती गाभा अखंड मिळाला. दोन्ही लॉग शब्दाला शब्द सारखे असतील, तर दुसरा बोअर खरंच घेतला का हे विचारायला लाजू नये. चिकण माती असून फ्री स्वेलचा आकडा नसेल, तर अहवाल अपुरा आहे.

खर्चाचं म्हणाल, तर दोन बोअर आणि प्रयोगशाळेच्या चाचण्या काही हजारांत होतात. घराच्या एका मॉड्युलर किचनला याहून कितीतरी जास्त जातात. अडचण पैशांपेक्षा क्रमाची आहे. नकाशा मंजूर होतो, स्ट्रक्चरल ड्रॉइंग तयार होतं, स्टीलची ऑर्डर जाते आणि मग कुणाला तरी मातीची आठवण येते. तोवर अहवालाने काहीही सांगितलं तरी कुणाला बदल नको असतो. खरी वेळ प्लॉटचा विसार देण्याआधीची. त्यानंतर चांगल्यात चांगला अहवालही फक्त खर्च किती वाढेल एवढंच सांगतो, कारण खरेदीतून मागे फिरायची वाट बंद झालेली असते.

तपासणीचा आग्रह बाहेरून कसा येतो, हे ब्रिटनमध्ये दिसतं. तिथे १९७१ पासून घराच्या विम्यात जमीन खचण्याची भरपाई येऊ लागली आणि १९७६ च्या दुष्काळात दक्षिण इंग्लंडची चिकण माती आक्रसली तेव्हा दाव्यांचा पाऊस पडला. तेव्हापासून घराजवळच्या झाडांपर्यंत सगळं विमा कंपन्यांच्या नजरेत आलं. आपल्याकडे भेगेचा खर्च घरमालकाच्याच खिशातून जातो, त्यामुळे दुसऱ्या कुणाला तपासणीचा आग्रह धरायचं कारण पडत नाही. बँक सातबारा, टायटल आणि मंजूर नकाशा मागते, माती मागत नाही.

असा आग्रह धरणारं कुणी नसणं ही एक उणीव. दुसरी, जमिनीच्या नोंदी उघड नसण्याची, याहून सहज भरून काढता येईल. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेकडे दहा लाखांहून जास्त बोअरच्या नोंदी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा नकाशावर कुणालाही बघता येतात. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींची पाणीपातळी नियमित मोजते, पण पायासाठी घेतलेले बोअर लॉग खासगी फायलींत आणि पालिकेच्या कपाटांत पडून राहतात. एकाच लेआउटमध्ये तीस घरं तीस वेळा अंदाजाने खणली जातात. एनए लेआउट मंजूर करताना रस्त्याची रुंदी आणि मोकळी जागा तपासतात, त्याच वेळी चार-पाच बोअरचे लॉग जोडायला लावले आणि ते विक्रीच्या कागदांसोबत प्रत्येक खरेदीदाराला दिले, तर प्लॉटमागे खर्च नगण्य येईल. तोवर नव्या लेआउटमध्ये घर बांधणाऱ्याने आधी बांधलेल्या शेजाऱ्याकडे जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: पाया किती फुटांवर घेतला आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओट्याला भेग गेली का.